६१७४चे चित्र : संख्येचे किती, कागदाचे किती?

६१७४ या संख्येची ओळख गणिताच्या शिक्षकांना नव्याने करून द्यावी असे नाही. सगळे अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी, तिचे अंक उतरत्या क्रमाने मांडावेत, मग चढत्या क्रमाने मांडावेत, मोठीतून लहान वजा करावी आणि येणाऱ्या उत्तरावर पुन्हा हेच करावे. जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत ६१७४ येते आणि तेथून पुढे हलत नाही. देवळालीच्या शाळेत १९३० ते १९६२ या काळात शिकवणारे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांनी १९४९ मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत ही गोष्ट मांडली. त्यांच्याकडे पदव्युत्तर पदवी नव्हती आणि संगणक तर त्या काळी त्यांच्या आसपासही नव्हता. कागद, पेन्सिल आणि न संपणारी चिकाटी एवढ्यावर त्यांचे काम चालले. मार्टिन गार्डनर यांनी १९७५ मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’मधील आपल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिले तेव्हा कापरेकर सत्तरीला आले होते.

आज ही क्रिया चित्राच्या रूपाने भेटते. शंभर ओळी आणि शंभर रकाने असलेला चौकोनी तक्ता घ्यायचा. ओळीचा क्रमांक म्हणजे संख्येचे पहिले दोन अंक आणि रकान्याचा क्रमांक म्हणजे शेवटचे दोन. अशा रीतीने ०००० ते ९९९९ या दहा हजार संख्यांना दहा हजार घरे मिळतात. प्रत्येक घरात, त्या संख्येला ६१७४पर्यंत पोचायला किती पायऱ्या लागतात त्याप्रमाणे सातांपैकी एक रंग भरायचा. मॅथेमॅटिकामध्ये त्यासाठी ‘ॲरेप्लॉट’ ही तयार आज्ञा आहे, फुकट मिळणाऱ्या पायथनमध्ये दहापंधरा ओळींत काम होते आणि साध्या स्प्रेडशीटमध्येही अटीनुसार रंग देण्याची सोय वापरून ते जमते. तयार होणारे चित्र गालिच्यासारखे दिसते. ते देखणे आहे यात शंका नाही. पुस्तकांच्या मुखपृष्ठांवर, विज्ञान प्रदर्शनांतील तक्त्यांवर आणि पडद्यावर ते वारंवार दिसते आणि त्याखाली ‘संख्यांचे गूढ सौंदर्य’ अशा धर्तीचे एखादे वाक्य असते.

आमचा आक्षेप चित्राला नाही, त्या वाक्याला आहे. जुन्नर तालुक्यातील राजुरी येथे अलीकडे काही शिक्षकांबरोबर बसून आम्ही हे चित्र बारकाईने पाहिले. तेव्हा जो प्रश्न पुढे आला तोच या लेखाचा विषय आहे. या गालिच्यावर जी नक्षी दिसते, तिच्यातली किती संख्येची, किती आपल्या लिहिण्याच्या पद्धतीची आणि किती निव्वळ कागदाच्या मांडणीची?

पहिल्यांदा डोळ्यांत भरते ती सममिती. वरच्या डाव्या कोपऱ्यापासून खालच्या उजव्या कोपऱ्यापर्यंत जाणाऱ्या कर्णावर आरसा ठेवला तर दोन्ही बाजू जुळतात. चित्र अर्धे फिरवून उलटे धरले तरी ते तसेच दिसते. पाहणाऱ्याला वाटते की ६१७४ने काही अद्‌भुत केले. पण ६१७४चा यात काहीही हात नाही. १२३४ आणि ३४१२ या दोन संख्यांचे अंक तेच आहेत. क्रिया सुरू करताना आपण अंक क्रमाने लावून घेतो, म्हणून मूळ क्रम काय होता हे पहिल्याच पायरीला विसरले जाते. ओळ आणि रकाना यांची अदलाबदल म्हणजेच कर्णातील आरसा, तेव्हा रंग सारखा येणारच. अर्ध्या फेऱ्याचे कारण थोडे अधिक विचाराचे आहे. प्रत्येक अंकाऐवजी ९मधून तो वजा करून येणारा अंक लिहा. १२३४चे ८७६५ होते. सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान अंकांतील अंतर दोन्हीकडे ३ आणि मधल्या दोन अंकांतील अंतर दोन्हीकडे १. वजाबाकीचे उत्तर या दोन अंतरांवरच ठरते, म्हणून ४३२१ − १२३४ आणि ८७६५ − ५६७८ ही दोन्ही उत्तरे ३०८७ येतात. तक्त्यात ही दोन घरे बरोबर समोरासमोर, उलट्या जागी असतात.

हे सगळे चित्र काढण्यापूर्वीच सांगता येते. आम्ही तर म्हणू की ते आधी सांगायला लावावे आणि मगच विद्यार्थ्यांना चित्र दाखवावे. एरवी चित्र पाहून ‘वा!’ म्हणून मुले वर्गाबाहेर पडतात आणि गणिताचा तास झाला असे सर्वांना वाटते.

आता एक साधा प्रयोग. आज्ञावलीत रकान्यांची संख्या १००ऐवजी ९७ करा. संख्या त्याच, रंग तेच, नियम तोच. पण आरसा नाहीसा होतो, चौकोनी कशिदा ढासळतो आणि तिरप्या पट्ट्या दिसू लागतात. म्हणजे गालिच्याचा चौकोनीपणा हा १०० या रुंदीने दिलेला होता.

मूळ संख्यांच्या बाबतीत हा प्रयोग हातानेही होतो. १पासून पुढच्या संख्या सहा-सहाच्या ओळींत लिहा आणि मूळ संख्यांना गोल करा. पहिली ओळ सोडली तर सगळे गोल पहिल्या आणि पाचव्या रकान्यातच पडतात, दोन सरळ उभे रस्ते तयार होतात. तेच सात-सातच्या ओळींत लिहा, रस्ते तिरपे होतात आणि खाली डावीकडे सरकतात. दहा-दहाच्या ओळींत घ्या, म्हणजे पहिल्या ओळीनंतर चार रकाने उरतात. मूळ संख्या जागच्या हलल्या नाहीत. आपण कागद बदलला. सहाच्या तक्त्यातील दोन रस्त्यांत एवढीच माहिती आहे की २ने किंवा ३ने भाग जाणारी मोठी संख्या मूळ नसते. ही माहिती खरी आहे, पण ती पाचवी-सहावीच्या मुलालाही ठाऊक असते.

राजुरीच्या वाचकांना याचे एक जवळचे उदाहरण सांगता येईल. याच तालुक्यात खोडद येथे जीएमआरटी ही महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. तिच्या ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांपैकी चौदा मधल्या चौकात आहेत आणि सोळा इंग्रजी वाय अक्षरासारख्या तीन भुजांवर दूरवर पसरल्या आहेत. ही दुर्बीण कॅमेऱ्यासारखा फोटो काढत नाही. तबकड्यांच्या प्रत्येक जोडीकडून मोजमापाचे आकडे मिळतात (तीस तबकड्यांच्या अशा ४३५ जोड्या होतात) आणि त्या आकड्यांपासून संगणक चौकटींचे चित्र तयार करतो. पण तबकड्या जमिनीवर सर्वत्र नाहीत, ठरावीक ठिकाणी आहेत. त्यामुळे पहिल्या कच्च्या चित्रात प्रत्येक तेजस्वी स्रोताभोवती चांदणीसारख्या रेषा आणि कडी उमटतात. त्या आकाशात नसतात, तबकड्यांच्या मांडणीचा तो ठसा असतो. तो ओळखून काढून टाकल्याशिवाय कोणताही खगोलशास्त्रज्ञ चित्राविषयी बोलत नाही. १९७४ साली प्रसिद्ध झालेली ‘क्लीन’ नावाची पद्धत याच कामासाठी आहे आणि तिची सुधारलेली रूपे आजही वापरात आहेत. दुर्बिणीच्या चित्राला आपण जी शिस्त लावतो ती संख्यांच्या चित्राला लावायची नाही, असे कसे चालेल? तेथे रकान्यांची रुंदी हीच दुर्बीण असते.

यंत्राचा ठसा किती फसवा असतो याचा एक नमुना आम्ही स्वतः पाहिला. कापरेकर क्रियेच्या एका तयार चित्रात, १०००पासून ९९९९पर्यंतच्या भागात, कधीच ६१७४ला न पोचणाऱ्या काळ्या घरांभोवती सुबक फुले उमटली होती. प्रत्येक फुलाच्या मध्यभागी ११११, २२२२ अशी एखादी संख्या होती. चार दिशांना एकेक पाकळी लगत आणि एकेक दहा घरांवर होती. पाहणाऱ्यांना सर्वांत जास्त तीच आवडत होती. आम्ही काळी घरे मोजली तर ती ७७ भरली. असायला हवी होती फक्त ९.

कारण लगेच सापडले. १११२ घेऊन क्रिया करा: २१११ − १११२ = ९९९. हे उत्तर ०९९९ असे चार अंकी लिहायचे असते, म्हणजे पुढची वजाबाकी ९९९० − ०९९९ अशी होते आणि गाडी पुढे चालते. पण संगणक संख्येच्या सुरुवातीचे शून्य खाऊन टाकतो. मग ९९९ − ९९९ = ० आणि खेळ संपला. एकसारख्या अंकांच्या संख्येत एकच अंक एकाने कमीजास्त असला की हे घडते, म्हणून ११११च्या आसपास १, १०, १०० आणि १००० अंतरावर ही काळी घरे पडतात. हीच ती फुले. अशा ६८ घरांची भर पडून ७७ झाली होती. सबंध गालिच्यातील सर्वांत देखणी नक्षी ही आज्ञावलीतील चूक होती आणि ती चित्राकडे नुसते पाहून कळण्यासारखी नव्हती. मोजल्यावर कळली. शिक्षकांनी कोणतेही असे चित्र वर्गात लावण्यापूर्वी एवढी मोजणी अवश्य करावी.

मग या चित्राऐवजी काय दाखवावे? आमचे उत्तर असे की दहा हजार घरांची गरजच नाही, चोपन्न पुरतात. उतरत्या क्रमाने लावलेले अंक अ, ब, क, ड असे माना. मोठ्या संख्येतून लहान वजा केल्यावर उरते ९९९ × (अ − ड) + ९० × (ब − क). हे आठवीचे बीजगणित आहे. बाहेरच्या दोन अंकांतील अंतर १ ते ९ असू शकते आणि आतल्या दोन अंकांतील अंतर शून्यापासून बाहेरच्या अंतराइतके. मोजून पाहा, २ + ३ + ४ + … + १० = ५४. म्हणजे दहा हजार संख्यांची पहिली वजाबाकी होताच फक्त चोपन्न उत्तरे शिल्लक राहतात (एकसारख्या अंकांच्या दहा संख्या वगळून). या चोपन्न घरांचा एक त्रिकोणी तक्ता होतो आणि तो पोस्टकार्डावर मावतो.

बाहेरचे अंतर ६ व आतले २ असलेल्या घरात थेट ६१७४ मिळते. त्या घरात दहा हजारांपैकी ३८४ संख्या येतात. (४, २), (८, ४) आणि (८, ६) या तीन घरांतून अनुक्रमे ४१७६, ८३५२ आणि ८५३२ मिळतात आणि दुसऱ्या पायरीला ६१७४. या तीन घरांत मिळून ५७६ संख्या आहेत. अशा रीतीने मागे मागे जात सगळा त्रिकोण भरता येतो. आपल्याकडच्या खेड्यातील शाळेत एका वर्गात पन्नासच्या आसपास मुले असणे नवे नाही. प्रत्येकाला एकेक घर दिले तर तासाभरात अख्खा वर्ग मिळून तक्ता पुरा करतो. संगणक लागत नाही, वीजही लागत नाही.

आणि तो तक्ता पुरा झाला की एक महत्त्वाची गोष्ट घडलेली असते. कापरेकरांचे विधान सिद्ध झालेले असते. चोपन्न घरांपलीकडे दुसरी शक्यताच नाही, सगळी तपासली, सगळी ६१७४ला पोचली, सर्वांत लांबचा रस्ता सात पायऱ्यांचा निघाला. येथे चित्र हीच सिद्धता आहे. मोठ्या गालिच्यातही ती आहे, पण दहा हजार घरांत ती दडून बसते आणि कोणी ती तपासत नाही.

याच्या शेजारी स्टॅनिस्लाव्ह उलाम यांची प्रसिद्ध नक्षी ठेवून पाहावी. १९६३ मध्ये एका कंटाळवाण्या व्याख्यानात बसून उलाम यांनी कागदावर १, २, ३ असे आकडे भोवऱ्यासारखे बाहेर लिहीत नेले आणि मूळ संख्यांवर खुणा केल्या. त्या तिरप्या रेषांत जमा झालेल्या दिसल्या. लगेच लॉस ॲलॅमॉसच्या संगणकावर मोठे चित्र काढले गेले आणि मार्च १९६४च्या ‘सायंटिफिक अमेरिकन’च्या मुखपृष्ठावर ही नक्षी झळकली. यातलाही काही भाग कागदाचाच आहे. भोवऱ्याच्या मांडणीत सम आणि विषम संख्या बुद्धिबळाच्या पटासारख्या पडतात आणि दोनखेरीज सर्व मूळ संख्या विषम असल्याने त्या एकाच रंगाच्या घरांवर, म्हणजे तिरप्या ओळींवरच येणार. हवे तर काही विषम संख्या चिठ्ठ्या टाकून निवडाव्यात आणि त्यांना रंग द्यावा. तिरपेपणाचा भास त्यांतही होतो. पण उलाम यांच्या चित्रातील काही लांब, दाट रेषा अशा चिठ्ठ्यांतून निघत नाहीत. त्या वर्गसमीकरणांच्या रेषा आहेत, आणि काही समीकरणांतून इतरांपेक्षा जास्त मूळ संख्या का मिळाव्यात यासंबंधी हार्डी आणि लिटलवुड यांचे एक अनुमान आहे. ते आजही सिद्ध झालेले नाही.

म्हणजे दोन्ही तक्ते वरवर सारखे, चौकटीत रंग भरलेले, पण त्यांची जात वेगळी. एक पुरा होतो, दुसरा कधीच पुरा होत नाही. न संपणाऱ्या तक्त्यात डोळ्यांवर किती भरवसा ठेवावा याला ऑयलर यांचे न² + न + ४१ हे सूत्र उत्तम आहे. उलामचा भोवरा १ऐवजी ४१पासून सुरू केला तर या सूत्राच्या संख्या एका कर्णावर येतात. ० ते ३९ अशा चाळीस किमतींना सलग चाळीस मूळ संख्या मिळतात. चाळीस घरांची अखंड रेषा पाहून कोण शंका घेईल? पुढचेच घर १६८१, म्हणजे ४१ × ४१.

आता एक आक्षेप आमच्यावरही येऊ शकतो. ६१७४ ही दशमान पद्धतीची करामत आहे, संख्यांच्या स्वभावाशी तिचा संबंध नाही, मग तिच्यासाठी एवढा खल कशाला? हार्डी यांनी १९४०च्या आपल्या पुस्तकात अंकांच्या अशा गमतींना गणितज्ञाच्या दृष्टीने किंमत नाही, या अर्थाचे मत मांडले आहे. संशोधनापुरते ते खरे असेल. शाळेपुरते आम्हाला ते मान्य नाही. हार्डी-लिटलवुड अनुमानापुढे विद्यार्थी हात जोडून उभा राहील, ६१७४चे मात्र ‘का’ तो स्वतः शेवटपर्यंत नेऊ शकतो. शाळेत अशी संधी देणारे प्रश्न फार थोडे असतात.

लिहिण्याच्या पद्धतीची करामत आणि कागदाची करामत यांतला फरकही कापरेकरांच्याच दुसऱ्या एका शोधातून दाखवता येतो. एखाद्या संख्येत तिच्या अंकांची बेरीज मिळवली की नवी संख्या तयार होते: २१ + २ + १ = २४, म्हणून २१ ही २४ची जनक. ज्या संख्येला असा जनक नाही, तिला कापरेकरांनी आपल्या गावावरून देवळाली संख्या म्हटले. १, ३, ५, ७ या सुरुवातीच्या सोडल्या तर पुढच्या अशा: ९, २०, ३१, ४२, ५३, ६४, ७५, ८६, ९७, १०८. ० ते ९९चा दहा रकान्यांचा तक्ता शाळेच्या भिंतीवर असतोच, त्यावर २० ते ९७ या संख्या एका तिरप्या रेषेत येतात. आता शून्यापासून अकरा रकान्यांचा तक्ता करा. ९पासून १०८पर्यंतच्या सगळ्या एकाच उभ्या रकान्यात बसतात. मग ११० ते २०९ या पहिल्या रकान्यात आणि २११पासून पुढच्या तिसऱ्या रकान्यात सरकतात. रेषा तिरपी की उभी हे कागद ठरवतो. ११चे अंतर मात्र कागद बदलून बदलत नाही. दशकाचा अंक एकाने वाढला की संख्या १०ने वाढते आणि अंकांची बेरीज १ने, म्हणून अकरा. पाया दहाऐवजी आठ घेतला तर हेच अंतर नऊ होईल.

रंगांविषयी एकच सांगतो. सात पायऱ्यांना इंद्रधनुष्याचे सात रंग देण्याची प्रथा वाईट आहे. पायऱ्या कमीजास्त असतात, रंग कमीजास्त नसतात. तांबड्यापेक्षा निळा मोठा कसा? एकाच रंगाच्या फिक्यापासून गडद अशा छटा वापराव्यात, म्हणजे जवळचे आणि लांबचे नजरेला कळते.

आणि गूढाविषयी. कापरेकरांचा जन्म १९०५चा. १९०५ घेऊन क्रिया केली तर पूर्ण सात पायऱ्या लागतात. शोध मांडल्याचे वर्ष १९४९, त्यालाही सात: ८४४२, ५९९४, ५३५५, १९९८, ८०८२, ८५३२, ६१७४. अशा जुळणीवर कोणी भाषण ठोकण्याआधी हे पाहावे की ९९९० संख्यांपैकी २१८४ संख्यांना सातच पायऱ्या लागतात. दर पाचांत एकीहून थोड्या जास्तच.

ज्यांना त्रिकोणी तक्ता आवडेल त्यांच्यासाठी पुढचे काम तयार आहे. पाच अंकी संख्यांवर हीच क्रिया केली तर वजाबाकीत मधला अंक उरतच नाही आणि उत्तर पुन्हा दोन अंतरांवरच ठरते: ९९९९ × (पहिला − पाचवा) + ९९० × (दुसरा − चौथा). तक्ता तोच, घरे तीच चोपन्न. पण येथे ६१७४सारखे एकच मुक्कामाचे ठिकाण नाही. संख्या तीन चक्रांपैकी एकात अडकतात: ५३९५५ आणि ५९९९४ हे दोघांचे चक्र, ६१९७४, ८२९६२, ७५९३३, ६३९५४ हे चौघांचे, आणि ६२९६४, ७१९७३, ८३९५२, ७४९४३ हे दुसरे चौघांचे. तीन रंग घ्यावेत आणि कोणते घर कोणत्या चक्रात जाते ते वर्गाने भरून पाहावे.